जागा तीच, खेळाडू दुसरा

तालुक्याच्या शालेय स्पर्धेतला मुलींचा सामना होता. मैदान शाळेच्या मागच्या बाजूचं, चुन्याच्या रेघा दुपारपर्यंत पायांनी निम्म्या पुसलेल्या. मी गुणलेखकाच्या टेबलाशी बसलो होतो. दुसऱ्या सेटमध्ये १८-२० असा मागे पडलेल्या संघाच्या सरांनी ९ नंबरच्या मुलीला आत पाठवलं. ही मुलगी सेटच्या सुरुवातीला मैदानात होती. मधे तिच्या जागी १२ नंबरची आली होती. आता ९ नंबर परत आली, पण ५ नंबरच्या मुलीला बाहेर काढून तिच्या जागी. दुसऱ्या पंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी आकडे लिहिले आणि दोन्ही हात वर केले. नोंद झाली, खेळ सुरू करा, असा त्याचा अर्थ.

पुढचे तिन्ही गुण त्या मुलींनी घेतले. २१-२० झाले. बाकावरच्या मुली उठून नाचायला लागल्या. तेवढ्यात समोरच्या संघाची कर्णधार पंचांकडे गेली आणि शांतपणे म्हणाली, "सर, ९ नंबर १२च्याच जागी यायला पाहिजे ना?" गुणपत्रक तपासलं. तिचं बरोबर होतं. नियमाप्रमाणे चुकीचा बदल झाल्यापासून त्या संघाने मिळवलेले गुण रद्द होतात, समोरच्यांना एक गुण आणि सर्व्हिस मिळते, आणि बदल दुरुस्त करावा लागतो. फलकावर १८-२१ लागले. सेट गेला, त्याबरोबर सामनाही. ज्या मुलींनी ते तीन गुण कमावले त्यांचा यात काहीही दोष नव्हता. सरांना नियम नीट ठाऊक नव्हता, आणि ज्याने तो बदल तिथल्या तिथे अडवायचा तो मी हात वर करून मोकळा झालो होतो.

या पुस्तिकेची सुरुवात त्या संध्याकाळी झाली. व्हॉलीबॉलवर मराठीत जे लिहिलं जातं त्यात सर्व्हिस कशी करावी, स्मॅशला उडी कशी घ्यावी, ब्लॉकला हात कसे ठेवावेत हे असतं. खेळाडू कसा बदलावा याला दोन ओळी मिळतात. प्रत्यक्षात मैदानावर सगळ्यात जास्त गोंधळ याच जागी होतो. "सर, चेंज!" म्हणून हात उंचावणारे प्रशिक्षक शेकड्यांनी पाहिले; त्यातल्या किती जणांना त्या चेंजची पुढची किंमत माहीत असते, हा प्रश्न मला वर्षानुवर्षं टोचत आला आहे.

बाकीचे खेळ आधी डोळ्यांसमोर आणा. फुटबॉलमध्ये जो बाहेर गेला तो गेला. त्या सामन्यात तो परत येत नाही. बास्केटबॉलमध्ये हवं तितक्या वेळा ये-जा करा. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षणाला आलेला बदली खेळाडू फलंदाजी करू शकत नाही. २०२३पासून आयपीएलने 'इम्पॅक्ट प्लेअर' आणला, तोही बदलून आलेला कायमचाच. व्हॉलीबॉलचा नियम या सगळ्यांपेक्षा वेगळ्या धाटणीचा आहे. इथे बाहेर गेलेल्या खेळाडूची जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेली असते. तो परत येऊ शकतो, पण एकदाच, आणि फक्त स्वतःच्या जागी. त्याच्या जागी आलेला बदली खेळाडूही त्या जागेला बांधलेला असतो. त्याला सेटमध्ये एकदाच आत येता येतं, आणि त्याला बाहेर काढायचं असेल तर ज्याच्या जागी तो आला त्यालाच परत आणावं लागतं. दोघांची जोडी ठरून जाते. सेट संपेपर्यंत ही जोडी मोडत नाही.

हे असं का, ते कळायला खेळाची घडण बघावी लागते. १८९५ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी विल्यम मॉर्गन या वायएमसीएच्या शारीरिक शिक्षण संचालकाने हा खेळ बसवला. त्याचं पहिलं नाव मिंटोनेट. सुरुवातीला बाजूला किती खेळाडू असावेत याला बंधन नव्हतं. सहाचा आकडा १९१८ साली ठरला. या सहा जणांचं खेळातलं स्थान ठरतं ते क्रमाने. मागे उजवीकडची जागा १, पुढे उजवीकडे २, पुढे मधे ३, पुढे डावीकडे ४, मागे डावीकडे ५, मागे मधे ६. समोरच्यांची सर्व्हिस असताना आपण गुण घेतला की सगळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा सरकतात. २ नंबरवरचा १वर येतो आणि सर्व्हिस करतो. म्हणजे उंच असो वा बुटका, स्मॅशर असो वा बचावात तरबेज, प्रत्येकाला सहाही जागांतून जावं लागतं. सहा फूट चार इंचांच्या ब्लॉकरलाही मागे जाऊन सर्व्हिस घ्यावी लागते, आणि जमिनीलगतचे चेंडू उचलण्यात पटाईत असलेल्या छोट्या चणीच्या खेळाडूलाही जाळीपाशी उभं राहावं लागतं. मागच्या रांगेतल्याला ब्लॉक करता येत नाही, आणि तीन मीटरच्या रेघेच्या पुढे येऊन जाळीपेक्षा उंच चेंडू मारता येत नाही. व्हॉलीबॉलचा सगळा कस या फेऱ्यात आहे.

आता समजा, खेळाडू बदलायला काहीच मर्यादा नाही. मग कोणताही प्रशिक्षक काय करेल? उंच खेळाडू पुढे आला की ठेवील, मागे जायला लागला की बाहेर काढील. पुढच्या जागांचे तीन आणि मागच्या जागांचे तीन अशी कायमची वाटणी होईल, आणि ज्या फेऱ्यासाठी हा खेळ उभा आहे तो फेरा नावापुरता उरेल. म्हणून आंतरराष्ट्रीय नियम एका सेटला एका संघाला सहाच बदल देतो. सहा हा आकडा सहा खेळाडूंवरून सुचला असेल असं वाटतं, पण त्याचा हिशेब वेगळाच निघतो. एक खेळाडू बाहेर गेला हा एक बदल; तोच परत आला हा दुसरा. म्हणजे माणसं परत आणायची असतील तर सहा बदलांत फक्त तीन जोड्यांची ये-जा होते. ही गोष्ट नव्या प्रशिक्षकाच्या गळी उतरवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तो सहा जण बदलता येतील या हिशेबाने पहिल्या दहा गुणांतच चार बदल खर्च करतो, आणि २२-२२ला उंच ब्लॉकर हवा असतो तेव्हा हातात काही उरलेलं नसतं.

या सहाचा सगळ्यात देखणा खर्च म्हणजे डबल चेंज. आजकालच्या बहुतेक संघांत एकच सेटर असतो, म्हणजे चेंडू उचलून देणारा, आणि बाकीचे मारणारे. सेटरच्या बरोबर समोरच्या जागी, फेऱ्यात तीन घरं लांब, संघाचा सगळ्यात जोरकस मारणारा असतो. त्याला 'ऑपोझिट' म्हणतात. सेटर फिरत फिरत पुढच्या रांगेत ४ नंबरवर आला की त्याच क्षणी ऑपोझिट १ नंबरवर, म्हणजे मागे सर्व्हिसला जातो. आता पुढे मारणारे फक्त दोघे, कारण तिसरी जागा सेटरने अडवलेली. इथे प्रशिक्षक दोघांना एकदम उठवतो. पुढे आलेल्या सेटरच्या जागी दुसरा ऑपोझिट येतो आणि सर्व्हिसला गेलेल्या ऑपोझिटच्या जागी दुसरा सेटर. सेटर पुन्हा मागे, मारणारा पुन्हा पुढे, जाळीपाशी तिघे. तीन फेऱ्यांनी नवा सेटर ४ नंबरवर पोचला की हीच क्रिया उलटी करायची. जाताना दोन, येताना दोन, एकूण चार बदल गेले. हातात राहिले दोन.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इटलीच्या महिला संघाने हे ज्या सफाईने केलं ते पाहण्यासारखं होतं. प्रशिक्षक हुलिओ वेलास्को सेटर अलेसिया ओर्रो आणि ऑपोझिट पाओला एगोनू यांना बाहेर बोलावून कार्लोत्ता काम्बी आणि एकातेरिना आंत्रोपोवा यांना आत पाठवत. एगोनू ही जगातल्या सगळ्यात जोरकस मारणाऱ्या खेळाडूंपैकी एक. तिला भर सेटमध्ये बाकावर बसवायला प्रशिक्षकाचा जितका भरवसा लागतो तितकाच बाकावरून उठणाऱ्या मुलीचाही स्वतःवर लागतो. ११ ऑगस्टला झालेल्या अंतिम सामन्यात इटलीने अमेरिकेला २५-१८, २५-२०, २५-१७ असं हरवलं. व्हॉलीबॉलमध्ये इटलीचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, पुरुष आणि महिला दोन्ही धरून. इटालियन भाषेत या दुहेरी बदलाला 'दोप्पियो काम्बियो' म्हणतात. शब्द वेगळा, पण चार खर्चायचे आणि दोन राखायचे हा हिशेब तोच.

राहिलेल्या दोनांत बहुधा सर्व्हिससाठी एक माणूस आत येतो आणि बाहेर जातो. शेवटचे गुण चाललेत, समोरच्यांची सर्व्हिस घेण्याची घडी बसली आहे, ती मोडायला जोरकस सर्व्हिसवाला हवा. बाकावरून उठून, अंग गरम झालेलं नसताना, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन तो एक चेंडू मारायचा. मला या खेळातलं हे सगळ्यात कठीण काम वाटतं. ते आणखी कठीण झालं १९९९पासून. आधी सर्व्हिस असलेल्या संघालाच गुण मिळायचा. सर्व्हिस जाळीत गेली तर सर्व्हिस समोर जायची, गुण जात नसे. फक्त निर्णायक पाचव्या सेटला १९८८पासून प्रत्येक रॅलीला गुण होता. आता सगळ्याच सेटमध्ये प्रत्येक रॅलीला गुण आहे. बाकावरून आलेल्या मुलाची सर्व्हिस बाहेर गेली की समोरच्यांचा गुण झाला, आणि त्याचा खेळही संपला, कारण त्या सेटमध्ये तो पुन्हा येऊ शकत नाही. एवढ्या एका चेंडूसाठी ज्याने महिनोन् महिने सराव केला त्याच्याबद्दल मला फार आस्था आहे. प्रेक्षक त्याला हसतात तेव्हा वाईट वाटतं.

इथे एक फरक आधीच स्पष्ट करायला हवा, कारण पुढच्या प्रकरणांत तो पुन्हा पुन्हा येणार आहे. संघात फेरफार म्हणजे दर वेळी 'बदल' नव्हे. प्रत्येक सेटच्या आधी प्रशिक्षक कोण कुठल्या जागेवर उभा राहणार याची चिठ्ठी देतो. ही चिठ्ठी दर सेटला नवी. तिच्यात कोणालाही कुठेही टाका, एकही बदल खर्च होत नाही. याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही: १२ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिंपिक, पुरुषांचा अंतिम सामना. ब्राझीलने पहिले दोन सेट २५-१९, २५-२० असे घेतले. तिसऱ्या सेटला रशियाचे प्रशिक्षक व्लादिमिर अलेक्नो यांनी मधला ब्लॉकर दिमित्री मुसेर्स्की याला, उंची २ मीटर १८ सेंटिमीटर, ऑपोझिटच्या जागी लावलं, आणि नेहमीचा ऑपोझिट मॅक्सिम मिखायलोव याला कडेचा मारणारा केलं. ब्राझीलला त्या सेटमध्ये सामना जिंकायची दोनदा संधी मिळाली, दोन्ही हुकल्या. रशियाने तो सेट २९-२७ने काढला, पुढचा २५-२२ने, शेवटचा १५-९ने. मुसेर्स्कीचे एकट्याचे ३१ गुण. हा सगळा उलटफेर चिठ्ठीवर झाला. सेट चालू असताना हे करणं अशक्य होतं, कारण मैदानावरचा खेळाडू सेटच्या मध्यात फेऱ्यातली जागा सोडू शकत नाही. मात्र एकदा चिठ्ठी पंचांच्या हाती गेली की ती बदलत नाही. तिच्यात चूक झाली असेल तर ती निस्तरायला त्या सहांतलाच एक बदल वापरावा लागतो. घाईघाईत लिहिलेल्या चिठ्ठीमुळे खेळाआधीच बदल गमावणारे संघ मी दर वर्षी पाहतो.

लिबेरोचं प्रकरण या पुस्तिकेत सगळ्यात लांबलं आहे. लिबेरो हा वेगळ्या रंगाचा गणवेश घातलेला बचावपटू. इटालियन भाषेत लिबेरो म्हणजे मोकळा, आणि नियमांनी त्याला खरोखर मोकळं ठेवलं आहे. १९९८मध्ये आंतरराष्ट्रीय खेळात तो रूढ झाला तो खेळ उंच माणसांच्या ताब्यात जात चालल्यामुळे. तो मागच्या रांगेतल्या कोणाच्याही जागी येतो आणि त्याची ये-जा सहा बदलांत मोजली जात नाही. कितीही वेळा येवो; दोन अदलाबदलींच्या मधे एक रॅली पूर्ण झाली पाहिजे एवढंच. त्या बदल्यात त्याला ब्लॉक करता येत नाही, आंतरराष्ट्रीय नियमाने सर्व्हिस करता येत नाही, आणि जाळीपेक्षा उंच चेंडू मारून समोर पाठवता येत नाही. ब्राझीलचा सर्जिन्यो याच जागेवरून २०१६च्या रिओ ऑलिंपिकचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उंची १ मीटर ८४. आपल्याकडच्या शाळांमध्ये बुटक्या मुलाला "तू व्हॉलीबॉलला नको, खो-खोला जा" म्हणणाऱ्या शिक्षकांनी त्याचे सामने बघावेत.

लिबेरो आत-बाहेर होतो तो आपल्या बाकासमोरच्या कडेच्या रेघेवरून, तीन मीटरची रेघ आणि शेवटची रेघ यांच्या मधल्या भागातून, पंचांची वेगळी परवानगी न घेता. साधा बदल होतो तो गुणलेखकाच्या टेबलासमोरच्या ठरलेल्या पट्ट्यातून. दोन्ही जागा एक आहेत असं समजून लिबेरो टेबलासमोरून धावत आत येतो, हे दृश्य प्रत्येक जिल्हा स्पर्धेत दिसतं.

दुखापतीचा नियम मात्र सरळ आणि माणुसकीचा आहे. जखमी खेळाडूला आधी नेहमीच्या नियमाने बदलायचं. सहा बदल संपले असतील किंवा जोडीचा नियम आड येत असेल, तर जो त्या क्षणी मैदानाबाहेर आहे त्याला, लिबेरो आणि लिबेरोच्या जागेचा खेळाडू वगळून, आत घेता येतं. हा बदल मोजत नाहीत, पण बाहेर गेलेला त्या सामन्यात पुन्हा खेळत नाही. तोही मार्ग नसेल तर तीन मिनिटं सावरायला देतात, त्याच खेळाडूला सामन्यात एकदाच. तेवढ्यात तो उभा राहिला नाही तर संघ अपुरा ठरतो आणि सेट जातो. ग्रामीण भागातल्या शाळा सात मुली घेऊन स्पर्धेला येतात. आठवीला परवानगी मिळत नाही, नववीच्या भावाचं लग्न निघतं. अशा संघासाठी ही तीन मिनिटं फार मोठी असतात. पाय धरून बसलेल्या मुलीला बाकीच्या पाच जणी उठवायचा प्रयत्न करतात तेव्हा टेबलावरचं घड्याळ बघायला नको वाटतं.

सहाचा आकडा सगळीकडे सारखा नाही, हेही सांगतो. अमेरिकेत महाविद्यालयीन महिलांच्या सामन्यांत एका सेटला १५ बदल मिळतात आणि तिथल्या माध्यमिक शाळांत १८. खेळाडू पुन्हा पुन्हा आत येऊ शकतो. पण तिथेही तो फेऱ्यातल्या स्वतःच्याच जागी येतो. जागेचा नियम त्यांनीही सोडलेला नाही. आपल्याकडे मी जिथे जिथे टेबलाशी बसलो तिथे शाळकरी मुलांनाही आंतरराष्ट्रीय सहाच लावले जातात. माझं स्पष्ट मत आहे की चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी ते कमी आहेत. बारा मुलं एसटीने दोन तास प्रवास करून येतात आणि त्यातली पाच जर्सी घालून बसून राहतात. सरांना हरायची भीती असते, बदल मोजके असतात, म्हणून ते कोणालाच उठवत नाहीत. त्या वयात आकडा वाढवला तर खेळाची घडण बिघडणार नाही आणि बाकावरचं पोरगं घरी जाऊन सांगेल की मी खेळलो. वरच्या पातळीवर मात्र सहा हवेतच. तिथे या कंजुषीतूनच प्रशिक्षकाची बुद्धी दिसते.

शेवटी टेबलाविषयी, कारण पुस्तिकेचा निम्मा भाग तिथे बसणाऱ्यांसाठी आहे. पूर्वी प्रशिक्षक हाताने खूण करून बदल मागायचे. दोन्ही हात कोपरापासून एकमेकांभोवती फिरवायचे. आता पंच ती खूण करतात, आणि मागणी म्हणजे बदली खेळाडूचं त्या पट्ट्यात पाऊल टाकणं. तो तयार पाहिजे, म्हणजे अंगातलं जॅकेट काढलेला, नंबर दिसतोय असा. मोठ्या स्पर्धांत हातात बाहेर येणाऱ्या खेळाडूच्या नंबराची पाटीही असते. सर्व्हिसची शिटी होण्याआधी तो तिथे यायला हवा. एकाहून जास्त बदल हवे असतील तर सगळे एकाच मागणीत, जोडीजोडीने. खेळ तसाच थांबलेला असताना त्याच संघाला दुसरी मागणी करता येत नाही, मधे एक रॅली व्हावी लागते. नियमात न बसणारा बदल मागितला तर तो नाकारला जातो आणि वेळ घालवल्याची ताकीद मिळते. त्याच संघाने सामन्यात पुन्हा वेळ घालवला तर समोरच्यांना गुण आणि सर्व्हिस. हे सगळं ज्या कागदावर टिकतं त्यावर प्रत्येक जागेखाली एक रकाना असतो. वर सुरुवातीच्या खेळाडूचा नंबर, त्याखाली बदली खेळाडूचा, त्याखाली त्या वेळचे गुण. मूळ खेळाडू परत आला की पुन्हा गुण लिहायचे आणि बदली खेळाडूच्या नंबराभोवती गोल करायचा. गोल झाला की तो नंबर त्या सेटपुरता बंद.

त्या दिवशी ९च्या खाली १२ लिहिलेला होता, गोल न केलेला, स्वच्छ अक्षरात, माझ्याच हातचा. मी तो वाचला नव्हता. आता पंचांनी माझ्याकडे पाहिलं की मी पेनाचं टोक आधी त्या रकान्यावर ठेवतो, आत येणाऱ्याचा नंबर बघतो, बाहेर जाणाऱ्याचा बघतो, आणि मग हात वर करतो.